घरी मराठी, बाहेर इंग्रजी : अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोची भाषाविषयक आकडेवारी कितपत उपयोगी आहे?

आपल्या भागात किती घरांत कोणती भाषा बोलली जाते आणि त्या घरांतल्या माणसांना इंग्रजी कितपत येते, हे दोन प्रश्न अमेरिकेतल्या मराठी मंडळींसमोर सतत येत असतात. रविवारच्या मराठी शाळेसाठी वर्गखोल्या मागताना, सार्वजनिक वाचनालयाकडे मराठी पुस्तकांच्या कपाटाची मागणी करताना किंवा ज्येष्ठांसाठी आरोग्य शिबिर भरवताना, "तुमचे लोक इथे आहेत तरी किती?" हे सर्वांत आधी विचारले जाते, आणि त्याचे उत्तर अंदाजपंचे दिले की मागणी तिथेच बारगळते. या प्रश्नाचे उत्तर देणारी सरकारी सेवा म्हणजे सेन्सस ब्युरोचे 'डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह' हे संकेतस्थळ आणि त्यावर मिळणारे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे भाषाविषयक तक्ते. न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत राहून मंडळाच्या कामासाठी मी हे तक्ते नियमितपणे वापरते. सेवा विनामूल्य आहे, तक्ते पाहण्यासाठी नावनोंदणी करावी लागत नाही, आणि २०२० मध्ये बंद झालेल्या 'अमेरिकन फॅक्टफाइंडर' या जुन्या संकेतस्थळाची जागा तिने घेतली आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते: एखाद्या वस्तीचे एकूण भाषिक चित्र पाहायचे असेल तर याच्या तोडीचे दुसरे साधन अमेरिकेत नाही, मराठीचे चित्र पाहायचे असेल तर मात्र हेच साधन, नेहमीच्या वाटेने वापरल्यास, वाचणाऱ्याची दिशाभूल करते.

आकडे कुठून येतात हे समजल्याशिवाय त्यांची पारख करता येत नाही. अमेरिकेच्या जनगणनेत इंग्रजी बोलता येते का आणि येत नसल्यास कोणती भाषा बोलता, हे १८९० मध्ये पहिल्यांदा विचारले गेले. आजचा प्रश्न १९८० पासूनचा आहे. त्याचे तीन भाग आहेत. ही व्यक्ती घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलते का, बोलत असल्यास कोणती, आणि तिला इंग्रजी कितपत बोलता येते. शेवटच्या भागाला चार उत्तरे दिलेली असतात: अतिशय चांगले, चांगले, फारसे चांगले नाही, अजिबात नाही. पाच वर्षे आणि त्याहून मोठ्या प्रत्येक माणसासाठी हा प्रश्न असतो. २००० पर्यंत तो दर दहा वर्षांच्या जनगणनेतल्या लांब अर्जात होता. तो अर्ज बंद झाला आणि २००५ पासून हे काम अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे वर्षभर करू लागला. दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर हा अर्ज जातो आणि तो भरून देणे कायद्याने बंधनकारक आहे. थोडक्यात, तक्त्यात दिसणारा प्रत्येक आकडा हा नमुन्यावरून काढलेला अंदाज आहे, घरोघर केलेली मोजणी नव्हे, आणि म्हणूनच प्रत्येक आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा छापलेली असते.

ही मर्यादा छापली जाते, ही या सेवेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. समजा, एखाद्या रकान्यात १,२०० हा आकडा आणि शेजारी अधिक-उणे ३५० असे लिहिले आहे. तर खरी संख्या ८५० ते १,५५० यांच्या दरम्यान असण्याचा भरवसा नव्वद टक्के आहे, असा त्याचा अर्थ होतो. ज्या वस्तीत एखाद्या भाषेचे बोलणारे शंभर-दोनशेच आहेत, तिथे ही मर्यादा मूळ आकड्याइतकीच मोठी होते, आणि तो आकडा कुणासमोर ठेवू नये हे वाचणाऱ्याला आपोआप कळते. आमच्याकडच्या स्थानिक संस्थांच्या अहवालांत हे भान क्वचितच दिसते. तिथे मूळ आकडा उचलला जातो आणि त्रुटीची मर्यादा गाळली जाते.

वापरण्याची रीत सोपी आहे. शोधपट्टीत गावाचे नाव आणि 'एस१६०१' हा तक्त्याचा क्रमांक टाकला की त्या गावातल्या घरगुती भाषांचा आणि इंग्रजीच्या क्षमतेचा सारांश समोर येतो. उदाहरणार्थ एडिसन टाउनशिप. २०२० च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १,०७,५८८ आहे, आणि ६५,००० हून अधिक वस्तीच्या ठिकाणांसाठी दरवर्षीचा अंदाज मिळत असल्याने एडिसनचा एका वर्षाचा तक्ताही उपलब्ध असतो. त्याहून लहान गावांसाठी पाच वर्षांची माहिती एकत्र करून काढलेला अंदाज वापरावा लागतो. माझा अनुभव असा की मोठ्या गावासाठीही पाच वर्षांचाच तक्ता घ्यावा. तो थोडा शिळा असतो, पण भाषेसारख्या बारीक विभागणीत तोच टिकाऊ ठरतो. देशाचे एकूण चित्र हवे असेल तर ब्युरोचा २०१९ च्या आकडेवारीवरचा अहवाल वाचावा: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारे लोक १९८० मध्ये २ कोटी ३१ लाख होते, ते २०१९ मध्ये ६ कोटी ७८ लाख झाले. त्यांपैकी बहुतेकांना इंग्रजीही अतिशय चांगले येते. 'अतिशय चांगले'पेक्षा कमी येते असे सांगणाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या आसपास आहे. घरची भाषा टिकली की इंग्रजी कच्चे राहते, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. मुलाशी मराठी बोलावे की नाही या विवंचनेत असलेल्या तरुण आईवडिलांना मी हेच आकडे दाखवते.

आता अडचणींकडे. एस१६०१ या तक्त्यात जगातल्या सगळ्या भाषा चार गटांत बसवलेल्या आहेत: स्पॅनिश, इतर इंडो-युरोपीय भाषा, आशियाई व प्रशांत बेटांवरच्या भाषा, आणि उरलेल्या. ही विभागणी भाषाकुलांच्या आधाराने केलेली आहे, त्यामुळे मराठी, गुजराती, हिंदी आणि पंजाबी या भाषा पोलिश, पोर्तुगीज, रशियन, फारसी यांच्यासह दुसऱ्या गटात जातात, तर तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम या द्राविडी भाषा चिनी, कोरियन, व्हिएतनामी यांच्यासह तिसऱ्या गटात. एडिसन आणि आयसेलिन यांना जोडणाऱ्या ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी उभे राहावे. वाणसामानाच्या दुकानात एकाच रांगेत कढीपत्त्याची जुडी हातात घेऊन उभे असलेले नागपूरचे कुटुंब आणि हैदराबादचे कुटुंब या तक्त्यात दोन वेगळ्या गटांत मोजलेले आहे, आणि नागपूरच्या कुटुंबाच्या ओळीत नेवार्कमधले पोर्तुगीजभाषक आणि वॉलिंग्टनमधले पोलिशभाषकही आहेत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने यात चूक नाही. पण भारतीय वस्तीला कोणत्या सोयी लागतात हे ठरवण्यासाठी जो अधिकारी हा तक्ता उघडतो, त्याला त्यातून भारतीय वस्ती दिसतच नाही. दुर्दैवाने शोधपट्टीत 'भाषा' हा शब्द टाकल्यावर हाच तक्ता सहज हाती लागतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

त्याहून सविस्तर तक्ता 'बी१६००१' हा आहे, आणि माझे खरे म्हणणे त्याच्याविषयी आहे. २०१६ मध्ये ब्युरोने या तक्त्याची रचना बदलली आणि त्यात भाषांचे व भाषागटांचे ४२ वर्ग केले. भारतीय भाषकांच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. आधी हिंदी, गुजराती आणि उर्दू एवढ्याच भाषांना स्वतंत्र ओळ होती. आता पंजाबी, बंगाली, तेलुगू आणि तमिळ यांनाही मिळाली. मराठीला मिळाली नाही. मराठीचे नाव तक्त्यात आले खरे, पण ते 'नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा' अशा एका ओळीत. कोकणी, सिंधी, ओडिया, असमिया याही तिथेच. पूर्वी मराठी 'इतर इंडिक' या ओळीत निनावी होती, त्यापेक्षा हे बरे, असे कुणी म्हणेल. माझ्या मते, ज्याला इंग्रजीची क्षमता जाणून घ्यायची आहे त्याच्यासाठी ही ओळ जुन्या ओळीपेक्षा जास्त फसवी आहे, कारण आता तीत मराठीचे नाव दिसते आणि वाचणारा समोरचा आकडा मराठीचा समजून चालतो.

या ओळीत एकत्र आलेले दोन मुख्य समाज अमेरिकेत पोचले तेच मुळी अगदी वेगळ्या वाटांनी. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर महाराष्ट्रातून आले ते मुख्यतः डॉक्टर, अभियंते आणि संशोधक. १९९० च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा आजच्या रूपात आला आणि पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतून पुढची मोठी लाट आली. या लोकांचे उच्च शिक्षण इंग्रजीतून झालेले असते, मुलाखत इंग्रजीतून दिलेली असते, आणि अर्ज भरताना ते 'अतिशय चांगले' या उत्तरावर खूण करतात. नेपाळी बोलणाऱ्यांतही विद्यार्थी आणि नोकरदार आहेतच. परंतु त्यांत भूतानमधून हाकलल्या गेलेल्या आणि पूर्व नेपाळमधल्या निर्वासित छावण्यांत वर्षानुवर्षे काढलेल्या ल्होत्साम्पा लोकांचा मोठा भाग आहे. २००८ पासून अशा ९० हजारांहून अधिक लोकांना अमेरिकेने आसरा दिला. ओहायोतल्या कोलंबसमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यातल्या अनेक वृद्धांना शाळेचे तोंडही पाहता आले नव्हते. इंग्रजीचा पहिला धडा त्यांनी इथे साठीनंतर गिरवला. या दोन समाजांची बेरीज करून इंग्रजीच्या क्षमतेची टक्केवारी काढली तर येणारा आकडा दोघांपैकी कुणाचाच नसतो. ओहायोत तो मराठी माणसाला आहे त्यापेक्षा अधिक अडचणीत दाखवतो. जिथे मराठी संगणक अभियंत्यांची संख्या जास्त, तिथे तोच आकडा नेपाळी वृद्धांची अडचण झाकून टाकतो. दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते, कारण तिथे मदत न मिळण्याचा धोका खरा आहे.

हा केवळ तक्त्याच्या मांडणीचा वाद नाही. या आकड्यांवरून कायदेशीर हक्क ठरतात. मतदान हक्क कायद्याचे २०३ वे कलम १९७५ मध्ये आले. त्याखाली, ठरलेल्या भाषिक अल्पसंख्य गटातले आणि इंग्रजी कमी येणारे मतदानक्षम वयाचे नागरिक एखाद्या काउंटीत १०,००० हून अधिक किंवा ५ टक्क्यांहून अधिक असतील आणि त्यांच्यातल्या निरक्षरतेचे प्रमाण राष्ट्रीय प्रमाणापेक्षा जास्त असेल, तर मतपत्रिका आणि निवडणुकीची माहिती त्यांच्या भाषेत द्यावी लागते. २०११ च्या निर्धारणात न्यूयॉर्कचे क्वीन्स, शिकागोची कुक काउंटी आणि लॉस एंजेलिस काउंटी यांत 'एशियन इंडियन' हा गट पात्र ठरला. पण कोणती भाषा, हे ठरवणे स्थानिक निवडणूक अधिकाऱ्यांवर होते: क्वीन्सने बंगाली निवडली, कुक काउंटीने हिंदी. अशा निवडीच्या वेळी ज्या भाषेचा स्वतंत्र आकडा लोकांना हाती देता येतो, तिच्या बाजूने बोलणे सोपे जाते. आरोग्यसेवेतही हेच. 'अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट' या आरोग्यसेवा कायद्यातल्या, भेदभाव रोखणाऱ्या १५५७ क्रमांकाच्या कलमाखाली, राज्यात इंग्रजी कमी येणाऱ्या लोकांच्या सर्वांत मोठ्या १५ भाषांत मोफत भाषासाहाय्याची सूचना द्यावी, असा नियम २०१६ मध्ये आला, २०२० मध्ये काढला गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा आला. इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी सेवा मिळाव्यात यासाठी २००० मध्ये निघालेला राष्ट्राध्यक्षांचा आदेश मार्च २०२५ मध्ये मागे घेण्यात आला आहे. अशा वेळी राज्ये आणि काउंट्या यांच्यासमोर आकडे मांडण्याचे काम समाजाच्या संस्थांवरच येते, आणि जी भाषा तक्त्यात स्वतःच्या ओळीवर उभी नाही तिच्या संस्थांना ते जड जाते.

मराठी लोकांना इंग्रजी येतेच, मग ही ओळ वेगळी हवी कशाला, असे मंडळातले काही जण विचारतात. त्यांना मी ज्येष्ठांकडे पाहायला सांगते. अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलामुलींनी बोलावून घेतलेले, ग्रीन कार्डावर किंवा सहा महिन्यांच्या भेटीवर आलेले आईवडील हा आमच्या समाजातला वाढता भाग आहे. आमच्या परिचयातल्या एका मावशी, साऱ्या आयुष्यात सांगली जिल्हा न सोडलेल्या, पोटाच्या तक्रारीसाठी इथल्या एका रुग्णालयात गेल्या. नोंदणीच्या खिडकीवर भाषा विचारली गेली तेव्हा सोबतच्या शेजारणीने 'इंडियन' असे उत्तर दिले आणि फोनवर हिंदी दुभाषी जोडला गेला. मावशींना सांगायचे होते की जेवल्यावर छातीत जळजळते, आंबट पाणी वर येते आणि आडवे झाले की त्रास वाढतो. मालिका पाहून आलेल्या हिंदीत त्यांना छातीकडे बोट दाखवून 'दर्द' एवढेच सांगता आले, आणि पुढचे सहा तास त्यांच्या हृदयाच्या तपासण्या चालल्या. मुलगा कामावरून सुटून आला, त्याने चार वाक्ये विचारली आणि उलगडा झाला. दुभाषी पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांकडे मराठी दुभाषी असतात. मागायचे कुणी, एवढाच प्रश्न असतो.

या मावशी तक्त्यात सापडतात का, हे पाहू लागले की सेवेची दुसरी उणीव कळते. 'सी१६००२' हा तक्ता व्यक्तींऐवजी घरे मोजतो, आणि त्यात 'इंग्रजी कमी बोलणारे घर' अशी एक व्याख्या आहे: चौदा वर्षे आणि त्याहून मोठ्या एकाही सदस्याला इंग्रजी अतिशय चांगले येत नाही असे घर. मावशींचा मुलगा आणि सून दोघेही दिवसभर इंग्रजीत काम करतात, म्हणून हे घर त्या व्याख्येत बसत नाही. पण सकाळी अकरा वाजता दार वाजते, औषधांच्या दुकानातून फोन येतो किंवा शाळेतून नातवाला ताप आल्याचा निरोप येतो, तेव्हा घरात मावशी एकट्याच असतात. एकत्र राहणाऱ्या कुटुंबांचा हा प्रश्न कोणत्याही भारतीय भाषकाच्या ओळखीचा आहे, आणि घर हे एकक धरले की तो दृष्टीआड होतो. यासाठी 'बी१६००४' हा तक्ता अधिक उपयोगी पडतो. त्यात ५ ते १७, १८ ते ६४ आणि ६५ च्या पुढे असे तीन वयोगट स्वतंत्र दिलेले आहेत, आणि 'इतर इंडो-युरोपीय' गटातल्या ६५ वर्षांवरील लोकांपैकी किती जणांना इंग्रजी अजिबात येत नाही हे गावपातळीवर पाहता येते. भाषेचे नाव कळत नाही, पण ज्येष्ठांची गरज तरुणांच्या आकड्यांखाली दबत नाही. आरोग्य शिबिराच्या प्रत्येक अर्जाला मी हाच तक्ता जोडते.

इंग्रजीच्या क्षमतेचा आकडा स्वतःच्या सांगण्यावर आधारलेला आहे, हेही लक्षात ठेवावे. कुणाची परीक्षा घेतली जात नाही. शिवाय बहुधा घरातली एकच व्यक्ती सगळ्यांचा अर्ज भरते. मराठी माध्यमातून शिकलेला आणि वीस वर्षे इंग्रजीत नोकरी केलेला माणूस संकोचाने स्वतःसमोर 'चांगले' लिहितो आणि हिशेबात इंग्रजी कमी येणाऱ्यांत जमा होतो. वडिलांचा अर्ज भरणारा मुलगा त्यांचा मान राखायचा म्हणून त्यांना बढती देतो. सीमारेषा 'अतिशय चांगले' आणि 'चांगले' यांच्या मधोमध ओढलेली आहे, आणि तिचा आधार १९८२ मध्ये झालेल्या इंग्रजी क्षमतेच्या एका राष्ट्रीय पाहणीत आहे. समूहाच्या पातळीवर हा प्रश्न उपयोगी ठरतो, याविषयी मला शंका नाही. एखाद्या लहान वस्तीतल्या पन्नास-शंभर माणसांबद्दल त्यावरून निष्कर्ष काढू नयेत, एवढेच.

मग मराठीचा स्वतंत्र आकडा मिळतच नाही का? मिळतो, पण त्याची वाट वेगळी आहे, आणि सामान्य वापरणाऱ्याला ती सुचत नाही. पहिली वाट म्हणजे त्याच संकेतस्थळावरचे 'मायक्रोडेटा' हे दालन. इथे तयार तक्ते नसतात. व्यक्तींची ओळख काढून टाकलेल्या मूळ नोंदींतून आपला तक्ता आपणच बांधायचा असतो. भाषेच्या रकान्यात मराठी स्वतंत्रपणे निवडता येते, तिच्याशी इंग्रजीची क्षमता, वय, शिक्षण, जन्मस्थान जोडता येते. पाच वर्षांच्या संचात लोकसंख्येच्या सुमारे ५ टक्के नोंदी असतात. बंधन भूभागाचे आहे: किमान एक लाख वस्तीच्या विभागाहून लहान जागेचा आकडा गोपनीयतेसाठी दिला जात नाही. एडिसनच्या अमुक शाळेभोवती किती मराठी मुले आहेत हे इथून कळणार नाही. मध्य न्यू जर्सीच्या एखाद्या मोठ्या पट्ट्यात किती आहेत, त्यांतली ५ ते १७ वयाची किती, आणि साठीपुढच्या मराठी लोकांत इंग्रजी न येणारे किती, याचा अंदाज मात्र येतो. मराठी शाळेची नवी शाखा कुठे काढावी याचा विचार करताना एवढे पुरेसे असते. ज्याने कधी एक्सेलमध्ये हिशेब केला आहे त्याला हे दालन एका दुपारी शिकता येईल. फक्त वय, भाषा, शिक्षण अशी एकावर एक विभागणी करताना उरलेल्या नोंदी किती थोड्या राहतात याकडे लक्ष हवे.

दुसरी वाट अधूनमधून प्रसिद्ध होणाऱ्या विशेष तक्त्यांची. २०१५ मध्ये ब्युरोने २००९ ते २०१३ या काळातल्या साडेतीनशेहून अधिक भाषांची यादी दिली होती, आणि २०२५ मध्ये २०१७ ते २०२१ या काळासाठी पाचशेहून अधिक भाषा आणि भाषागटांची. त्यांत मराठी आपल्या नावाने, इंग्रजी क्षमतेच्या आकड्यासह आहे. काम उत्तम आहे, पण दोन प्रकाशनांत जवळजवळ दहा वर्षांचे अंतर पडले, आणि एवढ्या काळात मराठी शाळेतली एक पिढी महाविद्यालयात पोचते. मला सर्वाधिक खटकते ते असे की २०२० च्या जनगणनेत अर्ज कसा भरावा याच्या मार्गदर्शिका याच ब्युरोने इंग्रजीखेरीज ५९ भाषांत काढल्या होत्या आणि त्यांत मराठीही होती. मराठी घरांना मदत लागते, हे ज्या कार्यालयाने ओळखले, त्याच कार्यालयाच्या दरवर्षीच्या तक्त्यात त्या घरांचा आकडा वेगळा काढता येत नाही. कारण नमुन्याच्या आकाराचे आणि गोपनीयतेचे आहे, हे मान्य. २०१६ पासून सेन्सस ट्रॅक्टसारख्या लहान भागांसाठी बी१६००१ ऐवजी मोजक्याच वर्गांचा 'सी१६००१' देण्यामागेही गोपनीयताच आहे. पण राज्य पातळीवर, निदान न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि टेक्सास यांच्यासाठी, नेपाळी आणि मराठी वेगळ्या करायला ही अडचण आड येऊ नये असे मला वाटते.

इतर देशांशी तुलना केली तर ऑस्ट्रेलियाची जनगणना या बाबतीत पुढे आहे. तिथेही घरी वापरली जाणारी भाषा आणि इंग्रजीची क्षमता विचारतात, मराठीला स्वतंत्र संकेतांक आहे, आणि प्रत्यक्ष मोजणी असल्याने उपनगरापर्यंतचे आकडे पाहता येतात. कॅनडा मातृभाषा आणि घरी बोलली जाणारी भाषा हे दोन वेगळे प्रश्न विचारतो, म्हणून मराठी मातृभाषा असूनही घरी इंग्रजीच बोलणाऱ्यांची संख्या तिथे वेगळी काढता येते. अमेरिकेच्या प्रश्नात ही सोय नाही. तो 'घरी बोलता का' एवढेच विचारतो, किती बोलता ते विचारत नाही. भारताची जनगणना मातृभाषा आणि येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवते, त्यामुळे २०११ मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते हे आपल्याला नेमके कळते. पण अवगत भाषा कितपत येते याचा अंदाज त्यातून येत नाही. क्षमतेचा प्रश्न दरवर्षी विचारण्यात अमेरिकेची पद्धत निःसंशय सरस आहे.

शेवटी ज्या अर्जावर हे सारे उभे आहे त्याविषयी, कारण सेवेचा दर्जा निम्मा आपल्याच हातात आहे. हा अर्ज घरी आला तर भाषेच्या जागी 'इंडियन' लिहू नये. तसे लिहिलेले उत्तर कोणत्याच भारतीय भाषेच्या नावावर जमा होत नाही. सरकारी कागद आहे म्हणून 'हिंदी' लिहिण्याची सवयही अनेकांना आहे, तीही सोडावी. प्रत्येक व्यक्तीसाठी एकच भाषा धरली जाते, तेव्हा मराठी आणि हिंदी दोन्ही बोलली जात असतील तर जी अधिक बोलली जाते ती लिहावी. मुले आजीशी मराठी बोलत असतील तर त्यांच्या नावापुढेही 'होय' लिहावे, भले ती एकमेकांशी इंग्रजी बोलत असोत. आणि भेटीला आलेल्या आईवडिलांना पाहुणे समजून वगळू नये: या सर्व्हेत राहण्याचा नियम दोन महिन्यांचा आहे, त्यापेक्षा जास्त काळासाठी जो त्या पत्त्यावर राहत आहे तो त्या घरातच मोजला जातो, मग तो सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेला का असेना. त्यांच्या इंग्रजीसमोर जे खरे आहे तेच लिहावे.